अंटू गेला नाही: बेळगावच्या शहापूरमधल्या घरातल्या भिंतींच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

धाकट्या बहिणीचा साखरपुडा ९ फेब्रुवारीला ठरला. पौष संपला की लगेच, आणि घरीच. म्हणजे माझ्या हातात पाच आठवडे, त्यात शाळेत माझ्या दहावीच्या पोरांच्या सराव परीक्षा, आणि हॉलच्या दोन भिंतींवर दादाने २०१४ साली लावून घेतलेला उठावाचा वॉलपेपर. वेलबुट्टीची नक्षी आहे. तेव्हा मोतिया होता, आता चहा सांडल्यासारखा दिसतो. खिडकीजवळचे सांधे सुटलेत आणि टोकं कानासारखी बाहेर वळलीत.

मापं घेतली. एक भिंत १४ फूट, दुसरी ११, उंची १०. पट्टी २१ इंची, मोजल्या तर १५ भरल्या. रोल १० मीटरचा असतो, त्यातून दहा फुटी तीनच पट्ट्या निघतात. म्हणजे पाच रोल चिकटवलेत. दादाला पुण्याला फोन केला. त्याचं म्हणणं, "काढतेस कशाला? वरूनच मार रंग."

वरूनच का नाही, ते लिहून ठेवते, कारण पुढच्या महिन्याभरात हा सल्ला मला अजून दहा जण देणार. एक, उठाव रंगाने बुजत नाही. रंगाचा थर केसाएवढा, नक्षी त्याच्या कितीतरी पट. दोन, सांधे दिसतातच. तीन, आणि हे महत्त्वाचं, आजकालचा इमल्शन रंग पाण्यातला. ते पाणी कागदातून आत झिरपलं की मागचा डिंक परत ओला होतो आणि भिंतीला फोड येतात. रंगवताना काही कळत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं.

कपाटामागचा एक कोपरा नखाने उचलून पाहिला. वरचं प्लास्टिकसारखं कातडं अख्खं निघालं, भिंतीवर पिवळट कागद राहिला. म्हणजे हा व्हिनाइलचा, दोन पदरी. आनंद झाला. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

बाकीच्या दोन भिंती बघून ठेवल्या. बोळातली, जिच्या मागे न्हाणीघर आहे, तिच्यावर विटांसारखे दिसणारे फोमचे स्टिकर. आईच्या खोलीतली एक, १० बाय १०, तिच्यावर पातळ खरखरीत कागद आणि त्यावर कुणीतरी एकदा रंगही मारलेला. त्यांचं नंतर.

६ जानेवारी, सोमवार, संध्याकाळ

शाळेतून आल्यावर १४ फुटी भिंतीचं कातडं काढलं. चाळीस मिनिटं. वरच्या कोपऱ्यातून धरायचं आणि भिंतीला समांतर, खाली ओढत यायचं. आपल्याकडे ओढलं की फाटतं. आठ पट्ट्यांपैकी सात अख्ख्या निघाल्या. आईला म्हटलं, आठवड्यात रंग लावून होतो बघ. आईने नुसतं हूं केलं.

८ जानेवारी, बुधवार

आईचं हूं बरोबर होतं.

राहिलेला कागद सुका खरवडून पाहिला. बोटाएवढे कपटे निघतात आणि खरवडायचा पत्रा भिंतीत घुसतो. मग पाणी. बंबातलं कढत पाणी बादलीत अर्धं, त्यात गार मिसळून हाताला सोसेल इतकं, आणि भांड्याच्या साबणाचे दोन चमचे. साबण एवढ्यासाठी, की पाणी कागदावरून ओघळून न जाता आत शिरावं. आईच्या मोगऱ्याचा फवारा पंप घेतला. वरून खाली फवारायचं, १५–२० मिनिटं थांबायचं, परत फवारायचं, मग पत्रा. थांबणं हेच खरं काम. मी आठव्या मिनिटाला पत्रा लावत होते, म्हणून पहिला तास वाया गेला. नंतर फवारलेल्या भागावर जुन्या बेडशीटच्या प्लास्टिक पिशव्या उघडून चिकटवल्या, पाणी उडून जाऊ नये म्हणून. त्यानंतर कागद सायीसारखा निघायला लागला.

पत्रा (पुट्टी लावायचा, लांबी पत्रा म्हणतात तो) नवीन घेतला होता, त्याचे कोपरे टोकदार. भिंतीवर दोन खोल ओरखडे पडल्यावर शेजारच्या मुलाकडे दिला. तो उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत कामाला आहे. ग्राइंडरवर कोपरे गोल करून आणतो म्हणाला.

एक मजा. जमिनीपासून चार फुटांपर्यंत कागद झरझर निघाला आणि बरोब्बर चार फुटांवर अडला. खाली आजोबांच्या वेळचा ऑइल पेंटचा पट्टा आहे, शेवाळी हिरवा. जुन्या घरांतून असायचा तसा, टेकून बसणाऱ्यांच्या डोक्याचं तेल लागू नये म्हणून. त्याच्या वर डिस्टेंपर. ऑइल पेंट पाणी पीत नाही, त्यामुळे डिंक वरच्या वर सुटतो. डिस्टेंपर पाणी पितो, आणि कागदाबरोबर स्वतःही पिठासारखा उतरतो. एकाच भिंतीत दोन भिंती, आणि पट्टी लावणाऱ्याने दोन्हीवर एकच डिंक फासलेला.

९ जानेवारी, गुरुवार

पाणी स्विचबोर्डात गेलं. फट्‌कन आवाज, अर्ध्या घरात अंधार. चूक माझी. मेन बंद करून मगच फवारायला हवं होतं. आता नियम: हॉलचा मेन खाली, बोर्डावर प्लास्टिक आणि चिकटपट्टी, उजेड आईच्या खोलीतून वायर ओढून. आज काम नाही.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत. दोन्ही भिंतींचा कागद निघाला. गोल कोपऱ्यांचा पत्रा हाती आला आणि ओरखडे थांबले. चार पोती ओला कागद. फरशीवर तागाची पोती अंथरली होती तेवढं शहाणपण केलं. प्लास्टिकवर साबणाचं पाणी पडलं असतं तर आज माझा पाय मोडला असता.

शेजारचे आबा डोकावले. विणकर, आयुष्यभर मागावर बसलेले, आता नुसते बसतात. "काय करूलास गं पोरी?" म्हणाले. सांगितलं. त्यांनी भिंतीवरून तळवा फिरवला, बोटं एकमेकांवर चोळली.

"खळ हाय की गं अजून."

म्हटलं, कागद गेला, उद्या पुसून घेते. आबा म्हणाले, पांजणी करताना, म्हणजे विणण्याआधी, सुताला खळ चढवायला एक सकाळ लागते. धुऊन उतरवायची म्हटलं तर किती पाणी लागतं ते तुला काय ठाऊक. मी हसले. ओल्या फडक्याने दोन्ही भिंती एकदा पुसल्या आणि झालं म्हटलं. ही नोंद मुद्दाम ठेवतेय.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. बाजरीची भाकरी, लेकुरवाळी भाजी. पत्र्याला हात लावला नाही.

१५ जानेवारी, बुधवार

बोळातले विटांचे स्टिकर. मागे गोंद असतो, कागद सोलून थेट चिकटवायचे. हे भिंतीला लावायची कल्पना ज्याला सुचली त्याने ते काढून बघावेत. फोम ओढला की फोम फाटतो, गोंद भिंतीवरच राहतो. केसांच्या ड्रायरने एकेक कडा तापवली, गोंद मऊ झाल्यावर दोरा घालून करवतीसारखा ओढला, तसे निघाले. उरलेल्या गोंदाला थोडं टर्पेंटाइन फडक्यावर घेऊन, दार-खिडकी उघडी ठेवून. ड्रायर आणि टर्पेंटाइन एका वेळी नाही, हे सांगायला नको, तरी सांगते.

खालची तिसरी ओळ काढली तर मागे काळं. बुरशी, आणि भिंतीतल्या क्षारांचा पांढरा लोणा फुललेला, बोटाने दाबलं तर गिलावा भुसभुशीत. गेली दोन-तीन वर्षं बोळात कुबट वास येतो म्हणून आपण कापूर ठेवत होतो. फोमवर ओल दिसत नाही, आणि तो ती बाहेर पडूही देत नाही.

सगळे स्टिकर काढून भिंत उघडी केली. बुरशी कोरडी झाडायची नाही, ती उडते आणि नाकात जाते. ओल्या फडक्याने, नाकाला रुमाल बांधून काढली. दीड फूट बाय दीड फूट पॉलिथीन चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून ठेवलं. दोन दिवसांनी बघायचं: थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला आले तर ओल भिंतीतून, बाहेरच्या बाजूला आले तर हवेतली.

१७ जानेवारी, शुक्रवार

सकाळी हुतात्मा चौकात. १९५६ साली याच दिवशी सीमालढ्यात गोळीबारात गेलेल्यांना अभिवादन करायला आजोबा दरवर्षी जायचे, नंतर बाबा, आता मी आणि धाकटी. परत येताना खडेबाजारातून सामान: १२०, १८० आणि २२० नंबरचे घासायचे पेपर, ओलं घासायचा पाणी पेपर, टर्पेंटाइनमध्ये पातळ होणारा प्राइमर चार लिटर, ॲक्रिलिक पुट्टी २० किलोची बादली.

पांढऱ्या सिमेंटची पुट्टी स्वस्त पडते, दुकानदार तीच पुढे करत होता. नवीन गिलाव्याला ती चांगली. पण माझ्याकडे खाली गुळगुळीत ऑइल पेंट आणि आईच्या खोलीत कागद. सिमेंटची पुट्टी धरायला भिंतीने पाणी प्यावं लागतं, आणि या दोघांतलं कुणीच पीत नाही. म्हणून तयार ॲक्रिलिक, तीही प्राइमरनंतर.

बोळातलं पॉलिथीन: थेंब आतल्या बाजूला. न्हाणीघराच्या नळाची लाइन भिंतीत गळतेय. प्लंबरला निरोप दिला.

१९ जानेवारी, रविवार

मिस्त्री आले. त्यांनी आमचं घर दोनदा रंगवलंय, वॉलपेपरच्या आधी. कानडीत सुरुवात करतात, मराठीत संपवतात, मध्ये कधीही भाषा बदलते. मी त्यांना मामा म्हणते. मी शाळेत शिकवायला लागल्यापासून ते मला अक्कोर, म्हणजे बाई, म्हणतात.

११ फुटी भिंतीवर ओला हात फिरवला. आबांनी केलं होतं तेच, बोटं चोळली.

"अक्कोर, अंटू होगिल्लरी."

डिंक गेला नाही. मी म्हटलं, मामा, मी पुसलंय. ते म्हणाले, पुसलंय हो, धुतलं नाही. मी कॅलेंडर दाखवलं. तीन आठवडे राहिलेत, पुढच्या रविवारपर्यंत तुम्हाला वेळ नाही, आज लांबी भरून घेऊ. (जुने कारागीर पुट्टीला अजून लांबीच म्हणतात.) त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले. भिंत माझी, पैसे माझे. त्यांनी एकदा सांगितलं होतं, दुसऱ्यांदा सांगितलं नाही. प्राइमर न मारताच थेट भरून घेतली, तेही माझ्याच घाईने. संध्याकाळपर्यंत ११ फुटी भिंत पांढरीशुभ्र. फोटो काढून दादाला पाठवला.

२० जानेवारी, सोमवार

सकाळी साडेसहाला चहाचा कप हातात घेऊन हॉलमध्ये आले. भिंतीच्या वरच्या निम्म्यावर बारीक भेगांची जाळी, मे महिन्यात तळं आटल्यावर तळाचा चिखल फुटतो तशी. खिडकीजवळ एक तुकडा ताटाएवढा सुटून लोंबतोय. त्याची मागची बाजू हाताला चिकट, चकचकीत.

पुट्टीतलं पाणी डिंकाने प्यायलं आणि तो फुगला. मग वरून पुट्टी सुकायला लागली, आकसायला लागली, आणि खाली धरायला भिंत नव्हती. होता तो मऊ डिंकाचा पापुद्रा. दहावीच्या पोरांना मी हे फळ्यावर आकृती काढून समजावून सांगितलं असतं. घरच्या भिंतीला मात्र मी कॅलेंडर दाखवलं.

दादाचा मेसेज आला होता: मस्त!

२१ जानेवारी, मंगळवार

शहरात काँग्रेसचं मोठं संमेलन. १९२४ साली गांधीजी अध्यक्ष होते त्या बेळगावच्या अधिवेशनाच्या शताब्दीचं, डिसेंबरात व्हायचं राहिलं होतं ते. मिस्त्रींचा फोन, टिळकवाडीकडून गाडी सुटत नाही, येत नाही. बरंच झालं. त्यांना तोंड दाखवायचं धाडस नव्हतं.

शाळेच्या प्रयोगशाळेतून आयोडीनची बाटली आणली, परत नेऊन ठेवायच्या बोलीवर. सहावीतला प्रयोग: पिष्ठावर आयोडीन टाकलं की निळं-काळं. खळीचा डिंक म्हणजे पिष्ठच. १४ फुटी भिंतीवर, जिथे अजून पुट्टी लागली नव्हती, कापसाच्या बोळ्याने एकेक फुटावर ठिपके दिले. बहुतेक ठिपके क्षणात जांभळट काळे. मी "पुसलेल्या" भिंतीवर. हिरव्या पट्ट्यावर तर ठिपका देताच काळा. त्याच्यावर डिंक सगळा पृष्ठभागावरच बसलेला.

ज्याला करून बघायचंय त्याच्यासाठी दोन सूचना. ठिपका लहान द्यायचा आणि नंतर धुऊन टाकायचा, नाहीतर तपकिरी डाग रंगातून वर येतो. आणि आयोडीन काळं झालं नाही म्हणजे डिंक नाही असं समजायचं नाही. काही वॉलपेपरच्या डिंकाची पावडर पिष्ठाची नसते, सेल्युलोजची असते, तिच्यावर रंग बदलत नाही. तिथे आबांचा आणि मामांचा हातच खरा: भिंत ओली करायची, तळवा फिरवायचा. भेंडी चिरल्यावर बोटं लागतात तसं लागलं की डिंक आहे.

२२ ते २५ जानेवारी

बुधवारी फसलेली पुट्टी खरवडली. दीड तासात सगळी खाली आली, इतकी ती धरलेली नव्हती.

मग धुणं. दोन बादल्या, एक गरम पाण्याची, एक नुसत्या पिळण्याची. दोन बाय दोन फुटांचा चौकोन, स्पंजने भिजवायचा, पाच मिनिटं, मग गोल घासायचा, पिळायचा, स्वच्छ पाण्याने परत. दर चौथ्या चौकोनाला पाणी बदलायचं, कारण गढूळ पाण्याने आपण डिंक एका जागेवरून दुसरीकडे नेऊन लावतो. रविवारी १२ तारखेला मी नेमकं तेच केलं होतं. प्रत्येक भिंत तीन वेळा. नळाला राकसकोप धरणाचं पाणी एक दिवसाआड येतंय, त्यामुळे शुक्रवारी परसातल्या विहिरीचं शेंदून घेतलं. हात सोलले, खांदे गेले. डिस्टेंपरही धुण्यात जवळजवळ सगळा उतरला. तेही बरंच, तो राहिला असता तर तोही एक कच्चा थरच.

हिशोब: कातडं काढायला दोन भिंतींचे मिळून दीड तास. कागद काढायला तेरा तास. डिंक काढायला सोळा. यातला डिंकाचा आकडा कुणी सांगत नाही.

आबा रोज संध्याकाळी येऊन हात फिरवून जातात. शनिवारी बोटं चोळली आणि काही न बोलता गेले. मग आयोडीन लावून पाहिलं. ठिपके तपकिरीच राहिले.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून साडेनऊला घरी. मामा रंगकामाची घोडी (शिडी) घेऊन दारात उभे. भिंतीला हात लावला, म्हणाले, "हां. ईग आत री." आता झालं. गेल्या रविवारबद्दल एक शब्द नाही. मीच विषय काढला तर म्हणाले, "अक्कोर, भिंत काय परीक्षेत कॉपी करू देत नाही बघा."

आजचं मुख्य काम हिरवा पट्टा. चकचकीत ऑइल पेंटवर काही धरत नाही, त्याची झिलई मोडावी लागते. मामांनी नेहमीसारखा कोरडा पेपर काढला. मी थांबवलं. घरगुती रंगात शिसं किती असावं यावर आपल्याकडे कायद्याची मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०), आणि ती लागू झाली नोव्हेंबर २०१७ पासून. हा पट्टा आजोबांच्या वेळचा. त्यात शिसं असणार असंच धरून चालायचं. कोरडं घासलं तर ती धूळ घरभर, आणि साखरपुड्याला दादाची दोन वर्षांची पोर याच फरशीवर रांगणार, लोळणार. म्हणून पाणी पेपर, भिंत ओली ठेवून, खाली ओलं पोतं, आणि घासलेला चिखल फडक्याने गोळा करून वेगळ्या पिशवीत. मामांना वेळ लागतो म्हणून कंटाळा आला. पण शिशाचं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, मी चाळीस वर्षं कोरडंच घासतोय, माझं काय? मला उत्तर देता आलं नाही.

दुपारी दोन्ही भिंतींना टर्पेंटाइनच्या प्राइमरचा एक हात. वास डोक्यात गेला, रात्री सगळे आत्याकडे झोपलो.

२८ जानेवारी, मंगळवार

पुट्टीचा पहिला हात, कागदाएवढा पातळ. मामांनी रजा काढली, म्हणजे दुसरीकडचं काम एक दिवस पुढे ढकललं. चार फुटांची रेषा, जिथे ऑइल पेंट संपतो, तिथे बारीक पायरी आहे. ती एकदम भरायची नाही, दोन्हीकडे हातभर पसरवत न्यायची. संध्याकाळपर्यंत भेग नाही. रात्री दोनदा उठून टॉर्च मारून पाहिलं.

३० जानेवारी, गुरुवार

दुसरा हात झाला. भिंत धरतेय.

आज आईची खोली. इथला कागद काढायचा नाही असं ठरवलं, आणि हे माझ्याच पहिल्या दिवसाच्या भाषणाविरुद्ध आहे. कारण: कोपऱ्यात एक वीत भिजवून उचलून पाहिला, तर कागदाबरोबर खालची पुट्टी पापडासारखी निघून गिलावा उघडा पडला. लावणाऱ्याने प्राइमर न मारता कोऱ्या पुट्टीवर डिंक लावला होता. १०० चौरस फूट असा काढला तर अख्खी भिंत नव्याने करावी लागेल, आणि दहा दिवस राहिलेत. दुसरं, हा कागद एकपदरी आहे, व्हिनाइल नाही, आणि घट्ट बसलाय. बोटाच्या पेराने सगळीकडे टकटक केली. पाच ठिकाणी पोकळ वाजला, बाकी भरीव.

पोकळ जागा ब्लेडने कापून काढल्या, पट्टी अर्धवट चिकटवत बसले नाही. सुटलेले सांधेही कापले. आधी दोन फुटांच्या तुकड्यावर टर्पेंटाइनचा प्राइमर मारून पाहिला होता सोमवारी. तीन दिवसांत फोड नाही, सुरकुती नाही. पाण्याचा प्राइमर इथे चाललाच नसता, त्याने डिंक जागा झाला असता. तेलाचा थर आत डिंक कोंडून ठेवतो. आज पूर्ण भिंतीला तो एक हात. आईला धाकटीच्या खोलीत झोपवलं. तक्रार: उशी बदलली.

१ फेब्रुवारी, शनिवार

गणेश जयंती. सकाळी मोदक, दुपारी पुट्टी. आईच्या भिंतीचा खरखरीत उठाव बुजायला तीन हात लागणार. पहिल्या हाताने फक्त खळगे भरतात, नक्षी तशीच दिसते, आणि वाटतं की वाया गेलं. मामा म्हणाले, पहिला हात भिंतीसाठी, दुसरा आपल्यासाठी, तिसरा पाहुण्यांसाठी.

प्लंबरने बोळातली लाइन बदलली. खोदलेलं भरलं. भिंत अजून हाताला गार.

३ फेब्रुवारी, सोमवार

घासणं. १८०, मग २२०. दिवे बंद करून टॉर्च भिंतीला चिकटवून आडवी धरायची, उंचवटे सावलीत दिसतात. पेन्सिलीने गोल करायचे, तेवढेच घासायचे. समोरून दिवा मारला तर खराब भिंतसुद्धा छान दिसते. ११ फुटी भिंतीवर माझे पहिल्या दिवसाचे दोन ओरखडे अजून सापडले.

घासून झाल्यावर धूळ झाडूने नाही, आधी मऊ ब्रश, मग किंचित ओलं फडकं. धुळीवर मारलेला प्राइमर भिंतीला नाही, धुळीला चिकटतो.

५ ते ७ फेब्रुवारी

आता पाण्याचा प्राइमर चालतो, कारण डिंक एकतर गेलाय नाहीतर तेलाखाली कोंडलाय. एक हात, रात्रभर वाळू दिला. मग इमल्शनचे दोन हात, मध्ये सहा तास. सकाळी गारठा, दुपारी कोरडं ऊन, वाळायला याहून चांगले दिवस बेळगावात नाहीत. हेच काम जूनमध्ये काढलं असतं तर पुट्टी आठ-आठ दिवस ओली राहिली असती.

रंग धाकटीने निवडला. फिकट, काहीतरी साबुदाण्यासारखा. डब्यावर नाव वेगळं आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

साखरपुडा झाला. पन्नास-पंचावन्न माणसं. दादा येऊन १४ फुटी भिंतीसमोर उभा राहिला, हात फिरवला, म्हणाला, कागद होता तेव्हा जास्त भारी दिसायचं. मामा जेवायला आले होते, कुंदा दोनदा घेतला. पुतणी पूर्ण वेळ भिंतीला पाठ लावून बसली होती, बरोब्बर त्या पट्ट्याच्या जागी.

बोळाची भिंत उघडीच. गिलावा कमरेपर्यंत खरवडलेला. धाकटीच्या सासूबाईंनी जाताना विचारलं, इथे काम चालू आहे का? हो म्हटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

बोळात परत पॉलिथीन लावलं होतं शुक्रवारी. आज काढलं. आतून थेंब आहेत, पण आधीसारखे ओघळ नाहीत, नुसतं धुकं. लोणा परत थोडा फुललाय. तो सुकाच ब्रशने झाडून काढला. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून परत आत जातात.

मामा म्हणाले, पुढच्या आठवड्यात हात मोकळा आहे, उरकून टाकू का? मी त्यांच्याकडे पाहिलं. तेही हसले.

पॉलिथीन पुसून दुसऱ्या जागी, वीतभर वर, परत चिकटवलं. शिवरात्रीनंतर बघू.